केरबाने ध्यानात ठेवलं

एका गावात एक दूध संस्था होती आणि त्या संस्थेत केरबा होता. केरबा इतका भोळा, की ‘थांब हं, आलोच’ असं सांगून कोणी गेलं आणि परत यायला विसरलं, तर केरबा अंधार पडेपर्यंत तिथेच उभा असायचा. घरून कोणी जेवायला बोलवायला आलं की म्हणायचा, “येतो की. पण तो अजून आला नाही.”

संस्थेचे चेअरमन आबा हे केरबाचे मामा. केरबा त्यांच्याच घरात वाढला. संस्थेत त्याच्याकडे किटल्या धुण्याचं काम होतं. पहिल्या दिवशी आबांनी त्याला सांगितलं होतं, “न धुतलेली वस्तू संस्थेत घ्यायची नाही. सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची, उपडी घालायची, निथळली की मग आत.”

“ध्यानात ठेवतो,” केरबा म्हणाला. आणि त्याने ध्यानात ठेवलं. किटल्यांच्या बाबतीत आजवर त्याला कोणी नाव ठेवलेलं नव्हतं.

घोटाळा सुरू झाला तो कॉम्प्युटरपासून.

कॉम्प्युटर आबांच्या नातीचा. तिचं नाव शिवांजली, पण सगळे अंजू म्हणत. ती तालुक्याच्या कॉलेजात शिकायची आणि घरी आली की कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळायची. तिच्या टीममध्ये पाच जण, पाच घरांत बसलेले. समोर दुसऱ्या गावचे पाच जण. शत्रू आपल्याला आधी दिसला तर तो मेला, आपण त्याला आधी दिसलो तर आपण मेलो. त्यामुळे कॉम्प्युटर कसा लावलाय यावर निम्मी लढाई. अंजूने तो रात्रंदिवस खपून लावला होता, आणि तिची टीम जिल्ह्याच्या स्पर्धेत फायनलला पोचली होती.

आबांना हे मान्य नव्हतं. जे माहीत नाही ते आबांना मान्य नसे, ही घरातली जुनी पद्धत. “अभ्यासाला घेतलेल्या यंत्रावर पोरगी माणसं मारतीय,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शेवटी त्यांनी संस्थेच्या सेक्रेटरींसमोर निकाल दिला. रविवारची फायनल जिंकली तर कॉम्प्युटर घरात राहील. हरली तर सोमवारी संस्थेत जाईल, दुधाच्या फॅटचा हिशेब ठेवायला. अंजूने विचारलं, मी परीक्षेत पहिला वर्ग काढला तेव्हा असा काही निकाल का लावला नाही. आबा म्हणाले, मोठ्यांना उलट बोलू नये. तो विषय तिथे मिटला.

अंजू कॉलेजला गेली की कॉम्प्युटरकडे बघायचं काम केरबाकडे आलं.

एके दिवशी गेमची नवी आवृत्ती उतरवून घ्यायला कॉम्प्युटर चालू ठेवून ती गेली. सकाळची वेळ, हवेत गारठा. कॉम्प्युटरचा डबा घुंघुं करायला लागला. केरबाला वाटलं, कुडकुडतोय. त्याने घरातली सर्वांत जाड गोधडी आणली आणि डब्याला चारी बाजूंनी नीट गुंडाळली. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. झोपला, असं समजून केरबा पाऊल न वाजवता बाहेर गेला.

अंजू आली तेव्हा डबा इतका तापला होता की त्यावर भाकरी भाजता आली असती. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, “दादा, गरम झालं की पांघरूण घालत नाहीत. झाकण काढायचं आणि पंखा लावायचा.”

“ध्यानात ठेवतो,” केरबा म्हणाला.

त्याच आठवड्यात घरची म्हैस व्याली. अंजूच्या थोरल्या काकूंनी चिकाचा खरवस वाफवायला ठेवला, वर ताट झाकलं, आणि केरबाला लक्ष ठेवायला सांगून शेजारी चिकाचं दूध द्यायला गेल्या. केरबाने बसल्या बसल्या पातेल्याला बोट लावलं. चटका बसला. गरम झालं होतं. मग त्याने झाकण काढलं, माजघरातला उभा पंखा ओढत आणला आणि खटका शेवटपर्यंत फिरवला. चुलीतली राख उडाली, वेलदोड्याची पूड उडाली, काकूंचं वाळत घातलेलं लुगडं उडून पातेल्यात पडलं.

खरवस काही धरला नाही. काकूंनी जो काही आवाज लावला तो संस्थेपर्यंत ऐकू गेला. पहिली गोष्ट, केरबाने या जन्मात पुन्हा चुलीजवळ यायचं नाही. दुसरी गोष्ट, चांगला खरवस हवा असेल तर आच बारीक ठेवायची. “सगळं बारीक, सगळं हळू,” काकू म्हणाल्या. “मोठं केलं की बिघडतं.”

“ध्यानात ठेवतो,” केरबा म्हणाला.

दोन दिवसांनी अंजूच्या टीमचा सराव होता आणि तिची एसटी वाटेत बंद पडली. तिने फोन करून सांगितलं, कॉम्प्युटर चालू करून गेम लावून ठेव. केरबाने लावून ठेवला. मग त्याचं लक्ष सेटिंगकडे गेलं. तिथे ओळीने पट्ट्या होत्या आणि बऱ्याच पट्ट्या मोठ्यावर होत्या. बिघडलं असतं. केरबाने एकेक पट्टी धरून बारीक केली. एकही सोडली नाही.

अंजू धावत येऊन खुर्चीत बसली. तिने माऊस सर्रकन फिरवला आणि तिचा सैनिक बोळात म्हैस वळावी तसा वळला. शत्रूच्या पावलांचा आवाज येईना, कारण आवाजही बारीक होता. पडदा एका सेकंदात एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवायचा, तो साठावर आला होता. त्यामुळे कोपऱ्यावरून शत्रू येताना दिसायचाच नाही, आपण मेल्यावर दिसायचा. सराव संपल्यावर टीममधल्या एकाने विचारलं, तुझ्या ऐवजी आज तुझे आजोबा खेळले का.

अंजूने सगळं पुन्हा लावलं. पण एक गोष्ट तिला मान्य करावी लागली. गवत, झाडं, सावल्या, धूर या पट्ट्या केरबाने बारीक केल्या होत्या ते बरोबर होतं. “हे मात्र झकास केलंस,” ती म्हणाली. “शोभेचं काही ठेवायचं नाही. आड येणारं सगळं काढून टाकायचं. समोरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ दिसला पाहिजे.”

केरबाला शाबासकीची सवय नव्हती. हे त्याने जरा जास्तच ध्यानात ठेवलं.

शनिवारी संस्थेत दूध उत्पादकांचा मेळावा होता. आबांचं भाषण होतं. मांडववाल्यांनी मांडव घातला, कुंड्या लावल्या, बॅनर लावला, टेबलावर भरजरी कापड अंथरलं. केरबाला सांगितलं होतं, शेवटची नजर टाक. त्याने नजर टाकली. सगळं शोभेचंच होतं.

आबा टेबलामागे बसून भाषण वाचत होते तेव्हा पहिल्यांदा कुंड्या गेल्या. मग बॅनर उतरला. मग मांडवाचं कापड सुटलं आणि सगळ्या सभासदांच्या डोक्यावर दुपारचं ऊन आलं. आबा कागदातून मान वर काढत नव्हते, कारण मोठ्या माणसाचं भाषण एकदा सुरू झालं की त्याला स्वतःलाही थांबवता येत नाही. केरबाने पुढच्या रांगेतल्या सभासदांना उठवून बाजूला केलं. आणि शेवटी टेबल उचललं.

आबा आता डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ दिसत होते. त्यांनी टेबलाआड चपला काढल्या होत्या, धोतर गुडघ्यावर घेतलं होतं आणि एका पायाने दुसरा पाय खाजवत होते.

लोक हसले. आबांनी केरबाला गोठ्यामागे नेऊन बराच वेळ समजावलं. “समोर माणूस आला की त्याला मान द्यायचा असतो, लेका. हातातलं खाली ठेवायचं, वाकून नमस्कार करायचा, त्याला वाट द्यायची. आधी मान, मग आपलं काम. समजलं?”

“ध्यानात ठेवतो,” केरबा म्हणाला.

रविवार उजाडला. अंजूने कॉम्प्युटरला कोणाला हात लावू दिला नाही. मागे चालू असलेले प्रोग्रॅम बंद केले. नेटची वायर थेट डब्याला जोडली आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाइल वायफायवरून काढून टाकले. आबांचाही काढला. केरबाला तिने आपल्या शेजारी स्टुलावर बसवलं, म्हणजे तो दुसरीकडे कुठे काही करणार नाही. तो गप्प बसून बघत होता. कोणत्या बटणाने सैनिक वाकतो, कोणत्या बटणाने बंदूक खाली ठेवतो, हे त्याला बघून बघून पाठ झालं होतं.

सामना बरोबरीत आला. शेवटची फेरी सुरू झाली. इकडे एकटी अंजू जिवंत, तिकडे एकच गडी जिवंत. अंजूचा सैनिक एका दाराआड बंदूक रोखून उभा, आणि त्या गड्याला त्याच दारातून यायचं होतं. यायचं, गोळी खायची आणि मरायचं, एवढंच त्याचं काम उरलं होतं.

तेवढ्यात दारात आबा आले. खरोखरच्या दारात.

“अंजू, दूध संघाचे पाहुणे आलेत. चहा टाक.”

“आबा, एक मिनिट. शेवटची फेरी आहे.”

“पाहुण्यांना थांबवायचं? गोळ्या मारायच्या म्हणून?”

“काकूंना सांगा ना.”

“काकू मळ्यात गेलीय.”

“मग केरबादादाला सांगा.”

“खरवस झाला तेवढा पुरे. उठतीस, का मेन स्विच पाडू?”

आबांचा हात मेन स्विचवर होता. ते पाडतील याबद्दल अंजूला शंका नव्हती. तिने माऊस केरबाच्या हातात दिला आणि म्हणाली, “दादा, या दारातून कोणी आला की हे बटण दाब. बाकी काही करू नकोस.” आणि ती स्वयंपाकघरात पळाली.

केरबाने बटणावर बोट ठेवलं. दारातून माणूस आला.

केरबा बटण दाबणारच होता. पण आधी मान, मग काम. त्याने बंदूक खाली ठेवली. सैनिकाला वाकवलं. मग एक पाऊल मागे घेऊन पाहुण्याला वाट दिली.

तिकडचा गडी बावचळला. क्षणभर तो जागीच उभा राहिला. मग, घरचे संस्कार असतील, तोही वाकला. मान देऊन झाला होता, म्हणून केरबाने आता अंजूने सांगितलेलं बटण दाबलं. पण सैनिकाच्या हातात बंदूक नव्हती. तिकडच्या गड्याने ती खालून उचलली आणि तिनेच केरबाला मारलं.

अंजू चहाचा ट्रे घेऊन आली आणि पडद्याकडे बघत राहिली.

“दादा, काय केलंस?”

“पाहुणा आला होता,” केरबा म्हणाला.

दूध संघाचे पाहुणे मागे उभे राहून हे बघत होते. त्यातले एक आबांना म्हणाले, पोरगा संस्कारी आहे हो. आबांची छाती फुगली. मीच शिकवलंय, ते म्हणाले. अंजू म्हणाली, हो, तुम्हीच शिकवलंत, तेव्हा ही हार माझी धरू नका. आबा म्हणाले, शब्द म्हणजे शब्द.

सोमवारी आबांनी केरबाला हुकूम सोडला, हा कॉम्प्युटर संस्थेत नेऊन ठेव. अंजूने वायरी सोडवल्या. मग तिच्या काहीतरी मनात आलं.

“आबा, याला एकदा नीट सांगा, तिथे नेऊन काय करायचं ते.”

“तू मला शिकवू नकोस. संस्थेत वस्तू कशी घ्यायची ते त्याला पहिल्या दिवशीच सांगितलंय.”

अंजूने पुन्हा तोंड उघडलं. मोठ्यांना उलट बोलू नये, आबा म्हणाले. तिने तोंड मिटलं.

दुपारी आबा दूध संघाच्या त्याच पाहुण्यांना घेऊन नवा कॉम्प्युटर दाखवायला संस्थेत गेले. अंगणात उन्हात किटल्यांची रांग उपडी घातलेली होती. रांगेच्या टोकाला कॉम्प्युटरचा डबा उपडा होता. त्याच्या शेजारी पडदा उपडा, कीबोर्ड उपडा. माऊस शेपटीने तारेवर टांगला होता. सगळ्यातून पाणी ठिबकत होतं. समोर उभा पंखा चालू होता.

पाहुणे दिसताच केरबाने हातातला ब्रश खाली ठेवला, वाकून नमस्कार केला आणि बाजूला होऊन वाट दिली.

आबांनी उघड्या डब्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, “केरबा, झाकण...”

“वाटेत उन्हानं गरम झाला होता, आबा, म्हणून काढलं,” केरबा म्हणाला. “बरं झालं. आतपण लई घाण होती, ब्रश सगळीकडं पोचला. आता काळजी नाही, संध्याकाळच्या दुधापर्यंत निथळतो बघा.”