पोळं स्वतः सभेत येतं

फार वर्षांपूर्वी अस्वलानं हत्तीच्या न्यायसभेत दावा लावला, की जांभळीवरचं पोळं आपणच बांधलंय. पोळ्याच्या वतीनं पिंगी नावाची कामकरी माशी उभी राहिली.

"आपलं गाऱ्हाणं आपण मांडावं, दुसऱ्याचं फक्त सभेच्या वकिलानं, पोपटानं," हत्ती म्हणाला. "तू काही पोळं नव्हेस."

पिंगी हिरमुसली, पण लगेच म्हणाली, "मग पोळ्यानंच यावं का, महाराज?"

"खुशाल यावं!"

थोड्याच वेळात वीस हजार माश्या सभेत घोंगावू लागल्या. हत्तीनं घाईघाईनं सोंड आवरली. "पिंगीबाई, तुम्हीच बोला!"

पिंगीनं अस्वलाला एवढंच विचारलं, "पोळ्यातल्या एका घराला कोपरे किती?"

"चार!"

"सहा," पिंगी म्हणाली. माश्या खदखदून हसल्या आणि हत्तीनं पोळं त्यांच्या हवाली केलं.

पोपट पिंगीजवळ सरकला नि हळूच म्हणाला, "खरंच सहा असतात?"