पाठ न दाखवणारा सरदार

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा आरसा फक्त राजवाड्यात असे, आणि तोही बिचारा माणसाची पुढचीच बाजू दाखवी. त्या काळी एका गावात एक शिंपी राहत होता. तो रोजचे साधे कपडे शिवत नसे. जत्रेत आणि उत्सवात जी सोंगे नाचतात, त्यांचे पोशाख तो शिवी. लोक त्याला सोंगशिंपी म्हणत.

आता या सोंगशिंप्याची एक खोड आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले. तो पोशाखाची फक्त पुढची बाजू नीट शिवी. पुढे रेशीम, जर, मोत्यांच्या माळा. मागे मात्र गोणपाट. "बघणारे समोर बसतात," तो म्हणे. "सोंगाला पाठ नसते." एका पोशाखाच्या रेशमात त्याचे दोन पोशाख निघत, आणि आपल्या या अकलेचे त्याला फार कौतुक वाटे.

त्याची बायको तोंडाने तिखट होती. ती म्हणे, "अहो, नाचणारा कधीतरी वळेल ना?"

"वळला तर त्याला नाचता येत नाही असं समजायचं," शिंपी म्हणे.

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शिंपीण तांदूळ निवडायला बसे.

एके वर्षी राजधानीच्या जत्रेतून सांगावा आला की सरदाराचे सोंग हवे आहे. शिंप्याने महिनाभर खपून पोशाख तयार केला. गर्द जांभळा अंगरखा, छातीवर जरीचा मोर, कमरेला लाल शेला. मागे नेहमीप्रमाणे गोणपाट लावले. ते कांद्याच्या पोत्याचे होते, आणि त्यावर व्यापाऱ्याने डांबराने लिहिलेली 'कांदे' ही अक्षरे ठळक दिसत होती. शिंप्याने ती पुसायचीही तसदी घेतली नाही.

राजधानी चार दिवसांच्या वाटेवर होती. नवरा-बायको गाठोडे घेऊन निघाली. पहिल्या मुक्कामी धर्मशाळेच्या रखवालदाराने विचारले, "कोण तुम्ही?"

"शिंपी."

"मग तिकडं, गोठ्याशेजारी."

गोठ्याशेजारी झोपायला शिंप्याची ना नव्हती, पण रखवालदाराने ते ज्या सुरात सांगितले तो सूर त्याला लागला. सकाळी उठून त्याने गाठोडे सोडले आणि सरदाराचा अंगरखा अंगात चढवला.

"हे काय आता?" शिंपिणीने विचारले.

"पुढच्या गावापुरतंच."

"आणि पाठ?"

"पाठ तू सांभाळायची. माझ्या मागंमागं चाल."

पुढच्या गावात जणू दिवाळी झाली. पाटील स्वतः वेशीपर्यंत सामोरा आला. गूळपाणी झाले, जाजम अंथरले गेले, पुरणपोळी वाढली गेली. शिंपी भिंतीला पाठ लावून जेवला. निघायची वेळ झाली तेव्हा शिंपीण विहिरीवर हात धुवायला गेलेली. आता वळायचे कसे? शिंप्याने दोन्ही हात जोडले आणि पाटलाकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी चालू लागला. ओसरी उतरला, एका कोंबडीवर पाय दिला, अंगण ओलांडले आणि तसाच उलटा रस्त्याला लागला. हात मात्र जोडलेलेच होते.

पाटलाला गहिवरून आले. तो गावकऱ्यांना म्हणाला, "बघितलंत? एवढा मोठा सरदार, पण माझ्यासारख्या खेडुताकडं पाठ फिरवली नाही त्यानं."

झाले. 'पुढच्या गावापुरतंच' म्हणणाऱ्या शिंप्याला मानपानाची चटक लागली. प्रत्येक गावात तो सरदार होऊन शिरे आणि उलट्या पावलांनी बाहेर पडे. एके ठिकाणी तो गुरांच्या हौदात पडला. एके ठिकाणी समोर गाय आली म्हणून तिलाही नमस्कार करत मागे सरला. लोक म्हणाले, केवढी ही नम्रता.

माणूस चार दिवसांत पोहोचतो तिथे त्याची कीर्ती दोन दिवसांत जाते, आणि जाता जाता थोडी बदलते. पहिल्या गावात लोक म्हणाले, हा सरदार कोणाकडे पाठ फिरवत नाही. राजधानीच्या वेशीवर ऐकणाऱ्यांनी ऐकले, हा सरदार कोणाला पाठ दाखवत नाही. एकदोन शब्दांचाच फरक. पण पहिल्यात रीतभात आहे आणि दुसऱ्यात रणांगण आहे, हे मराठी माणसाला मी काय सांगावे?

नेमके त्याच आठवड्यात शेजारचा राजा फौज घेऊन सरहद्दीच्या नदीवर आला होता. ही बातमी कळताच इथल्या सेनापतीच्या पोटात दुखू लागले, आणि ते काही केल्या थांबेना. राजा काळजीत होता. तेवढ्यात वेशीवरच्या पहारेकऱ्याने वर्दी दिली, "महाराज, पाठ न दाखवणारा एक सरदार शहरात आलाय."

शिंप्याला थेट दरबारात नेण्यात आले. तिथे राजासमोरून उलट्या पावलांनीच जायची रीत होती. घर सोडल्यापासून शिंप्याला पहिल्यांदाच आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले.

राजा म्हणाला, "आम्ही ऐकलं, आपण कोणालाही पाठ दाखवत नाही."

शिंप्याला दरदरून घाम फुटला. पण राजा रीतभातीचे कौतुक करतो आहे असे समजून तो म्हणाला, "नाही महाराज. मेलो तरी दाखवणार नाही."

दरबाराने माना डोलावल्या. राजाने सिंहासनावरून उतरून आपली तलवार त्याच्या हातात दिली. "उद्या सकाळी तीनशे स्वार घेऊन नदीवर जा," तो म्हणाला.

राजा कोणत्या पाठीबद्दल बोलत होता हे शिंप्याला तेव्हा कळले. खरे सांगून टाकायची तीच वेळ होती. पण खरे सांगायचे म्हणजे वळून दाखवावे लागले असते. तो तलवार घेऊन उलटा चालत बाहेर आला.

"आता तरी सांगून टाका," बाहेर उभी असलेली शिंपीण म्हणाली.

"सांगितलं तर माझी मान जाईल."

"आणि नाही सांगितलं तर तीनशे माना जातील."

शिंपी तलवार शेल्यात खोचू लागला. शिंपीण म्हणाली, "मी काही फौजेत यायची नाही. तुमची पाठ आता तुमची तुम्हीच बघा."

दुसऱ्या दिवशी फौज निघाली. हा नवा सेनापती पुढे राहिला तर तीनशे जणांना कांदे दिसणार. म्हणून शिंप्याने हुकूम सोडला, "मी सगळ्यांच्या मागं राहतो." पुढे कोणीच नसल्याने फौज वाट चुकली आणि एका म्हातारीच्या वांग्यांच्या मळ्यात शिरली. म्हातारीने वांगी फेकून मारली. तिचा नेम फार चांगला होता.

तेव्हा फौजेतला पिकल्या मिशांचा जमादार शिंप्याजवळ आला. "सरकार, सेनापतीनं पुढं असावं. माणसांना धीर येतो."

नाही म्हणणार कसे? शिंपी पुढे गेला आणि घोड्यावर उलटा बसला. घोडा शत्रूकडे चालला, सेनापतीचे तोंड आपल्या फौजेकडे. जमादाराचा ऊर भरून आला. तो स्वारांना म्हणाला, "बघा रे, याला म्हणतात सेनापती. शत्रूची पर्वा नाही, सगळं लक्ष आपल्या माणसांवर." घोडा तेवढा शहाणा होता. तो मधूनमधून मान वळवून वर कोण बसले आहे ते बघे.

तिसऱ्या दिवशी नदी आली. पलीकडच्या काठावर हजारभर स्वार उभे होते. त्यांनी इकडच्या सेनापतीकडे पाहिले आणि त्यांना दिसले गोणपाट, त्यावर 'कांदे'. पलीकडे असा हशा पिकला की झाडांवरचे बगळे उडाले. इकडच्यांना कळेना की हसायला काय झाले.

"हसू द्या त्यांना," जमादार म्हणाला. "सरकार, हुकूम करा. घालतो घोडी पाण्यात."

शिंप्याने हळूच विचारले, "जमादार, तुम्ही लढाया पाहिल्यात. घोडी पाण्यात घातली तर काय होईल?"

"निम्मे परत येतील. पण माणसं निर्धास्त आहेत, सरकार. आमची घरवाली दर वेळी रडते. या वेळी नाही रडली. म्हणाली, पाठ न दाखवणारा सरदार बरोबर आहे, म्हणजे तुम्ही परत येणार."

शिंप्याने समोर पाहिले. उलटा बसल्यामुळे तीन दिवस तो या तीनशे तोंडांकडेच बघत आला होता. कोणाचे पागोटे सैल आहे, कोणाच्या बाराबंदीचा बंद तुटला आहे, कोण चालत्या घोड्यावर पेंगतो, सगळे त्याला माहीत झाले होते. यातले निम्मे मरणार, आणि ते कशासाठी, तर त्याच्या पाठीवरची दोन अक्षरे कोणी वाचू नयेत म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि मान जायची भीती त्या लाजेपुढे लहान झाली.

तो घोड्यावरून उतरला आणि आपल्या फौजेकडे पाठ करून उभा राहिला.

मागच्या रांगेतल्या एका स्वाराने सावकाश वाचले, "कां... दे."

"मी सरदार नाही," शिंपी म्हणाला. "मी सोंगं शिवणारा शिंपी आहे. मला अंगरखा बेतता येतो, लढाई बेतता येत नाही. मान पाहिजे तर माझी घ्या. पुढचं जमादारांनी ठरवावं."

जमादाराने ती अक्षरे नीट पाहून घेतली. मग म्हणाला, "दोन दिवस आधी वळला असतात तर वांग्यांचा मार तरी चुकला असता."

पण इकडे शिंपी वळला, तेव्हा तिकडे त्याची पुढची बाजू झाली होती. पलीकडच्यांना अचानक जरीचा मोर आणि जांभळा अंगरखा दिसला. त्यांचे हसू थांबले. त्यांना वाटले, आधी मुद्दाम कांदेवाला पुढे करून आपल्याला हसवले आणि आता खरा सेनापती आला. यात काहीतरी डाव असणार. ते मसलत करायला बसले आणि संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. तेवढ्या वेळात जमादाराने तीनशे स्वार मागच्या खिंडीत नेऊन बसवले. खिंड इतकी अरुंद होती की तिथे हजारांचा काही पाड लागेना. आठ दिवसांनी शत्रूचा दाणागोटा संपला आणि तो आल्या वाटेने परत गेला. इकडचे तीनशेच्या तीनशे स्वार घरी आले.

राजाला हकीकत कळली तेव्हा तो भडकला. "मेलो तरी पाठ दाखवणार नाही म्हणालात आणि दाखवलीत?"

"दाखवली, महाराज," शिंपी म्हणाला. "पण आपल्याच माणसांना. शत्रूला ती आधीपासूनच दिसत होती."

दरबाऱ्यांनी ओठ चावले. राजा पुढे बोलणार होता, पण छातीवरचा मोर बघून तलवार कोणी दिली हे त्याला आठवले आणि त्याचा आवाज खाली आला. त्याने शिक्षा सुनावली, "तीनशे स्वारांना नवे अंगरखे शिवून द्यायचे. पुढे साधं कापड चालेल, पाठ मात्र दुहेरी हवी. आणि ते काम पुरं होईपर्यंत तुम्ही शहरात हाच पोशाख घालून हिंडायचं. मागं आडोशाला कोणी चालायचं नाही."

काम वर्षभर चालले. शिंपी रोज भर बाजारातून जाई, शिंपीण त्याच्या शेजारून चाले, आणि मागून पोरांचा घोळका ती अक्षरे मोठ्याने वाची. पहिले आठ दिवस त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटले. नवव्या दिवशी एका भाजीवालीने हाक मारून कांद्याचा भाव विचारला आणि त्याला स्वतःलाच हसू आले. त्यानंतर तो ताठ मानेने, सरळ पावलांनी, हवा तिथे वळत चालू लागला. म्हणतात की त्या वर्षी राजधानीतल्या झाडून सगळ्या पोरांना वाचता येऊ लागले, आणि पहिला शब्द सगळ्यांना एकच येत होता.

तात्पर्य: आपले उणे लपवत बसणाऱ्याला जन्मभर उलटे चालावे लागते, आणि ते एकदा दाखवून टाकणाऱ्याची वाट सरळ होते.