लागलेलं पाणी

एकदा एक वृद्ध पाटकरी होते, म्हणजे धरणाच्या पाटाचं पाणी शेतोशेत वाटून देणारे. सगळे त्यांना आबा म्हणत. ऐन हंगामात ते तापाने अंथरुणाला खिळले आणि काम त्यांच्या शिष्यावर, तोतारामावर, येऊन पडलं. शिष्य हुशार होता, कष्टाळूही होता. त्याने जी चूक केली ती तुम्ही-आम्ही रोज करतो, तेव्हा त्याला हसू नका.

पंचांनी त्याला विचारलं, "आपल्या मिरचीला पाणी लागतं तरी किती?" तोतारामाने पाटाच्या तोंडाशी उभं राहून शेतांत शिरणारं सगळं पाणी मोजलं आणि सांगितलं, "एवढं लागतं." माळावर डाळिंबाची बाग लावू पाहणारा एक व्यापारी तिथेच बसला होता. तो म्हणाला, "अहो, वाफे तुडुंब कशाला भरता? ठिबकच्या नळ्या मी देतो. निम्म्यात भागेल. वाचेल ते माझ्या बागेला सोडा." झालं, ठरलं! मिरची नळ्यांवरही तशीच लालभडक आली. निम्मं पाणी वाचवलं म्हणून पंचांनी तोतारामाला फेटा बांधला. छाती फुगली त्याची, का नाही फुगणार?

पुढे चैत्रात पाटाखालच्या वाडीतल्या गोजराबाई रिकामी कळशी घेऊन आबांच्या दारी आल्या. वाडीपर्यंत पाट जात नव्हता. सगळ्यांची तहान एका विहिरीवर, आणि कधी न आटणारी ती विहीर कोरडी पडली होती.

"लेकरं तळाचा चिखल पिळून पितात, आबा. आम्ही कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

तोताराम तडकला. "मावशी, तुमच्या विहिरीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही!"

आबा अंगात कणकण असताना उठले, मिरचीची एक कुंडी परातीत ठेवली आणि तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं.

"अगं बाई! इथं प्यायला नाही आणि झाडाला कसलं घालता?" गोजराबाई कळवळल्या.

कुंडीच्या बुडातून पाणी झिरपलं आणि परातीत साचलं. आबांनी विचारलं, "तोताराम, या झाडाला पाणी लागलं किती?"

"तांब्याभर."

आबांनी परात गोजराबाईंपुढे सरकवली. बाईंनी कळशीच्या तोंडाला पदर लावला आणि ते गढूळ पाणी थेंबही न सांडता गाळून घेतलं.

"मग त्यांनी नेलं ते कुठलं?" आबा म्हणाले. "अरे शहाण्या, दिलेलं पाणी वेगळं, पिकाने प्यालेलं वेगळं आणि जमिनीत मुरलेलं वेगळं. पीक पितं ते उन्हात उडून जातं, ते आपल्याला परत मिळत नाही. मुरतं ते खालच्या माणसाच्या विहिरीत उतरतं. तू तिन्हींना मिळून एकच शब्द वापरलास, 'लागलं'. मिरची तेव्हाही तेवढंच पीत होती, आताही तेवढंच पिते. तू वाचवलंस ते वाडीचं मुरणारं पाणी होतं. ते आता डाळिंबं पिऊन टाकतात."

तोतारामाचा चेहरा उतरला. "आत्ता जाऊन बागेचं पाणी तोडतो, आबा."

"पंचांनी शब्द दिलाय, तो मोडायला मी भांडेन. पण आज तोडलं तरी ते मुरून विहिरीत यायला पावसाळा उलटेल. यांना संध्याकाळी प्यायला हवं."

तोतारामाने फेटा खुंटीला टांगला, पहार उचलली आणि गोजराबाईंच्या मागोमाग वाडीवर गेला. विहीर आणखी खोल नेण्यासाठी तो स्वतः तळात उतरला. दोरावर माणसं होती, काठाला बाया कळश्या घेऊन बसल्या होत्या. रोज दिवस कलला की गोजराबाई वाकून हाक मारत, "लागलं का रं पाणी?"

आजवर किती सहज वापरला होता त्याने हा शब्द! आता उत्तराऐवजी तो आणखी एक पहार हाणायचा. माती संपली, मुरूम संपला, आणि एका संध्याकाळी पहार खणकन वाजली.

"लागलं का?" वरून आवाज आला.

"खडक लागला, मावशी," तो म्हणाला.

वरून थोड्या वेळाने कळश्या उचलल्याचे आवाज आले. दुसऱ्या दिवशी वाडीतली पहिली घरं गाव सोडून निघाली.

मोजायला बसण्याआधी आपण नेमकं काय मोजतो आहोत, हे एकमेकांना विचारून घ्यावं.