पेशंटचं वाक्य

“पण बाई, मध्येच गप्प राहिले तर मार्क जातील ना?”

जरा थांबत बोल, असं बाईंनी सांगताच अश्लेषाने विचारलं. परदेशातल्या हॉस्पिटलात तिला नर्सची नोकरी मिळाली होती, पण घोडं अडलं होतं इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेवर. एकदा ती नापास झाली होती. उद्या पुन्हा परीक्षा, आणि यावेळी घसरली तर नोकरी हातची जाणार.

एस्तेरबाई जुन्या मेट्रन. निवृत्तीनंतर मिरजेतल्या आपल्या घरी नर्सना इंग्रजी बोलायला शिकवत. त्यांनी उशी घेतली आणि सरळ कॉटवर आडव्या झाल्या.

“मी पेशंट. माझा पाय कापायचाय. सांग मला.”

परीक्षेत असंच असतं. परीक्षक पेशंट होतो आणि नर्सने त्याच्याशी बोलायचं.

अश्लेषाने सुरुवात केली. इंग्रजी म्हणाल तर झरझर. नमस्कार झाला, ओळख झाली, पायही कापून झाला. बाईंनी बोलायला तोंड उघडलं... तोवर हिचं पुढचं वाक्य हजर.

“आय कम्प्लीटली अंडरस्टँड हाऊ यू फील.”

हे वाक्य क्लासवाले सगळ्यांकडून घोकून घेतात.

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“चुकलं का काही, बाई?”

“काय कळलं तुला?”

“म्हणजे?”

“माझ्या मनातलं सगळं कळलं म्हणालीस. मी तर अजून बोललेच नाही.”

अश्लेषाला रडू फुटायचंच बाकी होतं. “मग दुसरं एखादं वाक्य द्या ना... चांगलंसं.”

बाई उठल्या. तिला कॉटवर बसवलं. स्टूल ओढून समोर बसल्या आणि नाडी बघावी तसं तिचं मनगट धरलं. बोलल्या मात्र काही नाहीत.

अश्लेषाने वाट पाहिली. बाई गप्पच...

“मला भीती वाटते, बाई,” ती एकदम म्हणाली. “नापास व्हायची वाटतेच. पण पास झाले तर... आई अंथरुणाला खिळलीय. मला ‘जा’ म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. मी लगेच म्हणते, आई, कळतंय गं मला. आणि ड्युटीवर पळते.”

“हं...”

ती बराच वेळ रडली. बाईंनी मनगट सोडलं नाही.

शेवटी तिने ओढणीने डोळे पुसले. “उद्याचं काय करू, बाई?”

“इंग्रजी भरपूर आहे तुझं,” बाई म्हणाल्या. “उद्या जाताना निम्मं घरी ठेवून जा.”