तीनदा सिंक

“पण तीनदाच का, सर?”

“ते विचारायचं नाही,” मोमीन सर म्हणाले. “मशीन बंद करायच्या आधी सिंक टाइप करायचं, तीनदा. दर वेळी नव्या ओळीवर. का, ते विचारायचं नाही.”

साल १९९१. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात हेमांगी तोरसकर लागून तीन आठवडे झाले होते. मोमीन सर तिथले सर्वांत जुने ऑपरेटर. तिला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं.

सिंक म्हणजे एवढाच हुकूम, की यंत्राच्या डोक्यात जे आहे ते डिस्कच्या तबकडीवर कायमचं उतरव. एकदा सांगून कळत नाही ते यंत्र कसलं, असं हेमांगीला वाटे.

“बरं, हुकमांची नावं एवढी तोकडी का? दोन-दोन अक्षरांची?”

सरांनी तिला कोपऱ्यातल्या जुन्या टेलिप्रिंटरपाशी नेलं. “दाब एक कळ.”

कळ हलेना. तिने सगळा जोर लावला तेव्हा कुठे खटकन खाली गेली.

“आता दिवसभर दाब.”

हेमांगीने बोट चोळलं. “आणि काम झालं तरी मशीन ‘झालं’ म्हणत नाही. ते का?”

“तेव्हा पडदा कुठे होता? बोललं की कागद जायचा, वर खडखडाट. काम झालं तर गप्प राहायचं. बिघडलं तर बोलायचं.”

“बघा! प्रत्येक गोष्टीला कारण आहे. मग तीनदाला का नाही?”

सर आपल्या टेबलाकडे वळले.

“तुम्हालाच माहीत नसणार,” ती म्हणाली. शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने तिन्ही सिंक एका ओळीत लिहिले, पुढे मशीन बंद करायचा हुकूम जोडला आणि त्या सगळ्याला एक नाव दिलं. एक शब्द टाइप केला की कारभार आटोपला. चार दिवस सगळं सुरळीत चाललं. तिने ते सरांना दाखवलंसुद्धा. सरांनी पाहिलं, चष्मा पुसला आणि आपल्या कामाला लागले.

पाचव्या दिवशी आजऱ्याकडच्या डोंगरातून वेणूबाई नावाच्या आजी भाताच्या जातींची नोंद करून द्यायला केंद्रात आल्या. जुन्या भातांची नावं त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. कुठलं कुठल्या खाचरात लावायचं, कुठलं बाळंतिणीला द्यायचं, सगळं तोंडपाठ. सकाळपासून त्या सांगत होत्या आणि हेमांगी टाइप करत होती. एकशे ऐंशी जाती झाल्या. निघताना म्हातारी म्हणाली, “पोरी, नीट ठेव बरं. माझ्यामागं सांगणारं कोण नाही.”

“आता कुठे जात नाही, आजी,” हेमांगी म्हणाली. एक शब्द टाइप केला आणि विजेचा खटका पाडला.

सकाळी एकही जात तबकडीवर नव्हती.

मोमीन सर आले तेव्हा ती मशीनसमोर नुसती बसली होती. सरांनी तिचा हात धरून तबकडीच्या लोखंडी कपाटावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने सिंक टाइप केलं. एकदाच.

पडद्यावर लगेच पुढच्या हुकमासाठी कोरी ओळ आली. पण तळहाताखाली कपाट थरथरतच राहिलं...

थरथरतच राहिलं...

मग थांबलं.

“दुसऱ्या नि तिसऱ्या सिंकनं काय होतं?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

“ते टाइप करायला जेवढा वेळ जातो ना, तेवढ्यात पहिल्याचं काम होतं. तुझ्या एका शब्दात तो वेळच गेला; थोडं लिखाण त्यात निभतं, दिवसभराचं नाही.”

तिने हात काढला नाही. “हे तुम्हाला माहीत होतं.”

“सहा वर्षांपूर्वी कळलं. एकदाच टाइप करून मी खटका पाडला. एका बाईंचा प्रबंध गेला. मी वीज गेली म्हणून सांगितलं.” सर कपाटाकडेच बघत होते. “का ते तुला सांगितलं असतं, तर कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं.”

हेमांगीला राग आला. पण तो सरांवर टिकेना. पाच दिवसांपूर्वी शेजारच्या टेबलांना ऐकवलेलं तिचंच वाक्य तिच्या कानशिलात तापत होतं.

अकरा वाजता केंद्रप्रमुख खांबेटे सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. दोन प्राध्यापकही बसले होते.

“झालं ते झालं,” खांबेटे म्हणाले. “हेमांगी नवीन आहे. वीज गेली असं लिहू. आणि उद्यापासून सिंक पाचदा टाइप करायचं. सूचना तूच लिही गं, अक्षर चांगलं आहे तुझं.”

“आणि वेणूबाई?”

“त्यांना काय कळतंय? मशीननं खाल्लं म्हणायचं.”

प्राध्यापक हसले.

कागद पुढे आला. एवढी सोपी सुटका तिला आयुष्यात कुणी दिली नव्हती. तिने पेन उचललं. मोमीन सर खाली मान घालून उभे होते.

तिने पेन कागदावर आडवं ठेवलं.

“हे मी लिहिणार नाही. वीज गेली नव्हती, मी घाई केली. आणि पाचदा कशाला? एकदा टाइप करायचं आणि कपाट थांबेपर्यंत थांबायचं. हवं तर हे लिहिते, खाली माझं नाव घालून. वेणूबाईंकडे मी उद्या जातेय. मशीननं नाही, मी घालवलं, असं सांगणार आहे त्यांना.”

“अगं, पण केंद्राची लाज...” खांबेटे म्हणाले.

प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले.

मोमीन सरांनी मान वर केली.

“उद्या मीही येतो. वेणूबाईंसमोर पुढं मी बसतो,” ते म्हणाले. “तू माझ्यामागं बस.”