न उडवायची तोफ

एक राज्य होतं आणि राज्यापेक्षा मोठी त्याची तोफ होती. ती उडाली तर शेजारचं राज्य जळणार, आणि वारा फिरला तर आपलंही. म्हणून साठ वर्षांत ती कुणी उडवलीच नव्हती. आता तिला तडे गेले, तोंडात कबुतरं नांदायला लागली. सेनापती म्हणाले, "नवी ओतायची. घरोघरचे हंडे-घागरी आणून द्या."

राजानं रयतेला बोलावून मत विचारलं. उठली ती एकटी गोजा कुंभारीण. लेकीच्या लग्नाला चार दिवस उरलेले, आणि लेकीला द्यायचा एकुलता एक तांब्याचा हंडा तिच्या कडेवर.

"सेनापतीसाहेब, नवी तोफ उडवणार कधी?"

"कधीच नाही, बाई! ती धाकासाठी. शत्रूनं लांबून बघायचं आणि कापायचं."

"मग मातीची करू की. मी भाजून, काळी रंगवून देते. न उडण्यात माती काही तांब्याला हार जायची नाही."

सभेत खसखस पिकली. सेनापती लालबुंद झाले. "आणि शत्रूची तोफ? ती खरी आहे!"

"अहो, आम्ही साधं गाडगंसुद्धा वाजवून घेतो. त्याची तोफ तुम्ही वाजवून पाहिलीत का?"

राजा मिशीत हसला. "सेनापती, आधी ती वाजवून या. हंड्यांचं मग बघू."

गोजाची लेक हंड्यासकट सासरी गेली. सेनापती म्हणे अजून सरहद्दीवर उभे आहेत, टिचकी मारायला बोट तयार ठेवून.