अध्यक्षसाहेबांच्या गाडीवर चालणारी गिरणी

गोष्ट शंभर टक्के खरी आहे, शपथेवर सांगतो. म्हणजे सत्तर टक्के. तीस टक्के गळती विजेत धरतात, तशी गोष्टीतही धरा.

तर वैजू खरातची पिठाची गिरणी बंद पडायची वेळ आली होती. बोरखिंडीत लाइट दिवसाला सहा तास, आणि आता दर वाढणार. दर ठरवणार वीज आयोगाचे अध्यक्ष, तात्यासाहेब वाघचवरे. हे आधी ऊर्जामंत्री होते. तेव्हा म्हणायचे, "आयोग म्हणजे पांढरा हत्ती." मग निवडणुकीत पडले आणि त्याच हत्तीवर जाऊन बसले.

जनसुनावणी गावच्या समाजमंदिरात होती. साहेबांच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. वैजू उठली.

"साहेब, लाइट नसतेच, तर जादा दर कशाचा?"

"पोरी, आमदार, मंत्री, अध्यक्ष... बावीस वर्षं राज्य फिरतोय. माझ्यासमोर एकदाही लाइट गेली नाही. मी इथं बसलोय तोवर हा पंखा बंद पडलेला दाखव, दरवाढ रद्द. नाही दाखवलास, तर तुझ्या गिरणीला दुप्पट दर. आणि बटणाला हात लावायचा नाही."

"नाही लावत. तुमची गाडी तेवढी गावाबाहेर पाठवा. रिकामी."

"आणि मी?"

"तुम्ही चहा घ्या. आलं घातलंय."

पडदे लावलेली पांढरी गाडी सायरन वाजवत पूल ओलांडून गेली. साहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

पंखा थांबला.

"हे काय?"

"वायरमनला वरून हुकूम असतो साहेब. तुमची गाडी गावात आहे तोवर लाइट घालवायची नाही. गाडी गेली, त्यानं खटका ओढला. गरीब माणूस, हुकमाबाहेर नाही."

साहेबांना घाम फुटला. "म्हणजे इतकी वर्षं मी जाईन तिथं लाइट असायची, ती..."

"तुमच्यामुळं नाही साहेब. गाडीमुळं."

साहेब खो खो हसले. ते हसले हे नीट बघून घेऊन मग अधिकारीही हसले.

"दरवाढ रद्द! वर बक्षीस माग. चोवीस तास विजेचा आदेश काढू?"

"आदेश नको. तो तुम्ही मंत्री असतानाही काढला होतात. गाडी ठेवून जा."

तेव्हापासून ती गाडी पडदे लावून गिरणीसमोर उभी आहे. बोरखिंडीत लाइट जात नाही. साहेब एसटीनं फिरतात, आणि जातील तिथं अंधार असतो म्हणे.

संपली गोष्ट. आता चहा-भजी सांगा. काय, आवडली नाही? चालेल. वीज वापरा न वापरा, बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो.